वास लागू नये म्हणून

डोंबिवली पूर्व, ३ मे

प्रिय वल्लरी,

तुझी आठही पोती सुखरूप पोचली. पोत्यांना 'आयुष्मती भव' म्हणण्याचा प्रघात नाही, म्हणून तो आशीर्वाद तुलाच देऊन टाकतो.

फोन उचलायचा नाही, 'दादाला म्हणावं जे असेल ते मेलवर लिही', हा तुझा निरोप आमच्या जावईबापूंनी, अपूर्वरावांनी, पोचवला. हरकत नाही. माझा सगळा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला. समोरून उत्तर न येणाऱ्या भाषेची मला सवय आहे.

माल माझ्याकडे का आला, हे तुला अर्धवटच कळलं असेल. उत्तम माझा शाळेतला मित्र, आता वागळे इस्टेटमध्ये परदेशी माल पाठवायचं ऑफिस चालवतो. कोपनहेगनच्या तुझ्या गिऱ्हाइकाचा कंटेनर तोच भरणार आहे. पण त्याच्या भिवंडीच्या गोदामात सध्या मिरची आणि हळद आढ्यापर्यंत रचलेली आहे. तो म्हणाला, "मास्तर, ही हिरवी कॉफी म्हणजे लहान पोर. ज्याच्या शेजारी झोपवाल त्याची खोकला-सर्दी घेऊन उठणार. तिथे ठेवली तर डेन्मार्कवाला कपात मिरची पिईल. जहाज लागेपर्यंत घरात जागा आहे का?" मी लगेच हो म्हणालो. लग्नाला होकार देतानासुद्धा मी इतकी घाई केली नव्हती, असं मैथिलीचं मत पडलं.

तर आता माझी अभ्यासाची खोली तुझ्या पोत्यांची आहे. ग्रंथ कपाटावर चढलेत. बाहेरून तागाचं पोतं, आत जाड प्लॅस्टिकची हवाबंद पिशवी, तिचं तोंड पिळून, दुमडून तारेनं आवळलेलं, वर पोत्याला शिवण. एवढ्या बंदोबस्तात तर आपल्याकडे देवसुद्धा ठेवत नाहीत.

आईला सांगितलंय की माल उत्तमचा आहे. उत्तमच्या ताब्यातला आहे, तेव्हा अगदीच खोटं नाही. तुझं नाव या घरात चार वर्षांत निघालेलं नाही. भाऊ गेले, तू आलीस, आणि दहाव्याच्या आधीच परतलीस, कारण मळ्यावर खळ्यात कॉफी पसरलेली होती आणि अवकाळी आभाळ भरून आलं होतं. "बापाच्या दहाव्यापेक्षा हिला वाळवण मोठं," हे आईचं वाक्य तुझ्याही कानात असेलच. त्यापुढे या विषयावर ती काही बोललेली नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा अबोला फार टिकाऊ असतो गं.

काळजी करू नकोस. ती मी करतो आहे.

तुझा,
दादा


७ मे

प्रिय वल्लरी,

तुझं उत्तर आलं. 'जमिनीवर नकोत. भिंतीला टेकू नकोत. ऊन नको. पिशवी उघडू नका.' सूत्रवाङ्मय म्हणतात ते हेच. त्यावर मी भाष्य लिहायला मोकळा.

जमिनीवर नाहीत. उत्तमने लाकडी फळ्यांचे सांगाडे पाठवले, त्यांवर आहेत. भिंतीपासून वीतभर लांब आहेत. कळव्याहून आणलेला नवा पडदा खिडकीला लावलाय. आणि मी हवेतला दमटपणा मोजायचं एक घड्याळासारखं यंत्र आणलंय. ते आणायला नको होतं. आजवर या गावात घाम येतो एवढंच मला माहीत होतं, आता तो किती येतो तेही कळतं. सकाळी उठल्यावर लोक हातांकडे बघतात, देवाकडे बघतात. मी त्या काट्याकडे बघतो.

एसी चालू असला की काटा खाली येतो. म्हणून एसी सतत चालू आहे. परवा आई दारात उभी राहून म्हणाली, "माणसांना पंखा आणि पोत्यांना एसी. उत्तम तुझा कोण लागतो रे नक्की?"

"मित्र आहे, आई."

"मित्राच्या पोत्यांना पांघरूण पण घाल मग."

मैथिली आतून हसली. मी नाही हसलो. वल्लरी, मला एक सांग. ती पिशवी खरंच हवाबंद असते ना? की 'हवाबंद' हे आपल्या इमारतीच्या 'वॉटरप्रूफ' गच्चीसारखं आहे?

दादा


१२ मे

प्रिय वल्लरी,

आधी वाईट बातमी. जहाज पुढे गेलं. म्हणजे आलं, आणि न थांबता गेलं. उत्तमचा फोन: "मास्तर, टेन्शन नका घेऊ, वेसल स्किप झालं. माझ्याकडे असं दर महिन्याला होतं. मी काल न्हावाशेव्याला जाऊन आलेलो. नेक्स्टवालं पंधरवड्यात." 'टेन्शन घेऊ नका' असं ज्या वाक्यात असतं, त्याच्या पुढच्या अर्ध्यात टेन्शन असतं, हा नियम मी आता वर्गात शिकवणार आहे.

मी त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. म्हटलं, एवढं करून डब्यात घातल्यावर तरी जीव भांड्यात पडेल ना? तो म्हणाला, खरी मजा तर पुढे. गरम गावातून निघालेला लोखंडी डबा थंड समुद्रात शिरला की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि छतावरून मालावर ठिबकतं. बाहेर ढग नाही, आत पाऊस. म्हणून ते डब्याला आतून जाड कागद लावतात आणि कडेकडेनं ओल शोषणाऱ्या भुकटीच्या लांब पिशव्या टांगतात. "तोरणं लावतो आम्ही, मास्तर. लग्नाचा मांडव समजा." मी तिथून निघालो ते तुझी पोती छताखाली नक्की कुठे बसणार, याचा विचार करत. स्टेशनवर आल्यावर लक्षात आलं, छत्री त्याच्याकडेच राहिली. मे महिन्यात छत्री कशाला नेली होती, हे विचारू नकोस.

आता अपूर्वरावांबद्दल. त्यांनी मला रात्री मेसेज केला, तुला न सांगता. आजवर तुमचा माल बाकीच्या सगळ्यांच्या मालात मिसळून विकला जायचा. मळ्याच्या नावानं वेगळा जाणारा हा पहिलाच. गिऱ्हाइकाला किमान पाच पोती हवीत, त्याखाली असतील तर पाठवूच नका म्हणालाय. आणि हे जमलं नाही तर पुढच्या हंगामाला मळा सोडून परत ठाण्याला नोकरी धरायची, असं तुमचं दोघांचं ठरलंय. त्यांनी हे अशा सुरात लिहिलंय की जणू हवामानाचा अंदाज आहे. तू मला हे लिहिलं नाहीस. लिहिणार नाहीस हेही मला माहीत होतं. पण आता मला कळलंय, आणि त्या काट्याकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली आहे.

घरात वर्षाचं धान्य भरणं चाललंय. गहू निवडून झाले. गॅलरीत जुन्या साडीवर कडुनिंबाचा पाला सावलीत वाळतोय. आईचा दरारा तोच. मैथिलीला सांगत होती, "तांदळाला बोरिक, डाळीला एरंडेल, गव्हाला पाला. आणि तुरीत हिंगाचा खडा विसरायचा नाही." मध्येच मला म्हणाली, "त्या पोत्यांत काय आहे रे?"

"कॉफी. कच्ची, हिरवी."

"कीड लागत नाही तिला?"

"हवाबंद आहे. काही होत नाही."

"हं," म्हणाली.

मग गॅलरीत जाऊन पाला उलटून आली.

दादा


१५ मे

प्रिय वल्लरी,

तू आठही पोत्यांच्या शिवणीचे फोटो मागितलेस. पाठवतो, पण आधी एक शास्त्रचर्चा.

आपल्याकडे एक न्याय आहे, सुई आणि कढईचा. लोहाराकडे कुणी सुई करायला टाकली आणि कुणी कढई, तर त्यानं आधी सुई करून द्यावी, कारण ती लवकर होते. त्याप्रमाणे आधी सुईएवढ्या बातम्या. काटा ठीक आहे. वीज गेली होती, आली. उत्तमनं छत्री परत पाठवली. मैथिलीची बदली ठाण्याच्या शाखेत झाली, तिला आता लवकर निघावं लागतं.

आता कढई. समजा, म्हणजे केवळ पूर्वपक्ष म्हणून, एखाद्या पोत्याची आतली पिशवी कुणी थोडा वेळ उघडली आणि परत बांधली, तर बियांना लगेच काही होतं का? आणि जुन्या काळी म्हणे कॉफी सहा सहा महिने जहाजात ओल खाऊन पिवळी पडायची आणि साहेबाला तीच आवडायची. अजूनही मुद्दाम पावसाळी वारा देऊन तशी करतात, असं मी वाचलं. तर वेळ पडल्यास तोही एक मार्ग?

बरं. उगाच फिरवत नाही. तीन पोती मी उघडली. कुतूहल, दुसरं काय. पुस्तकी माणसाला आतलं बघितल्याशिवाय राहवत नाही. परत नीट शिवली आहेत. फोटो सोबत. रागावू नकोस.

दादा


१६ मे

वल्लरी,

तुझं उत्तर एका ओळीचं: 'दादा, तुला गोधडीचा टाका कधीपासून येतो?'

माझ्या एवढ्या वर्षांच्या विद्वत्तेला त्या टाक्यानं हरवलं. फोटो पाठवताना मी ते पाहिलंच नाही. पाच पोत्यांना मशीनची शिवण, आणि उरलेल्या तिन्हींना निळ्या दोऱ्याचा तो सरळ, बारीक, ओळीनं चाललेला टाका. आपण दोघं त्याच टाक्याखाली झोपून मोठे झालो. तू ओळखणारच.

तर ऐक, खरं ते. मी पेपर तपासायला ठाण्याला होतो, मैथिली बँकेत. आईनं तीन पोती उसवली, आतली तार सोडली, प्रत्येकात मूठ मूठ वाळवलेला पाला आणि फडक्यात बांधलेला हिंगाचा खडा घातला, परत तार आवळली आणि वर शिवलं. बाकीची पोती उद्यावर ठेवली होती. त्या संध्याकाळी मी खोलीत गेलो आणि मला तुरीच्या डाळीचा वास आला. पुढे सांगायला नको.

मी सगळं बाहेर काढलं. पाला वेचला, खडे काढले; नंतर आईनंच ती परत निळ्या दोऱ्यानं शिवली. वास मात्र वेचता येत नाही.

आईला विचारलं तेव्हा ती गव्हाच्या डब्याचं झाकण पुसत होती.

"आई, काय केलंस हे?"

"काय केलं? वर्षाचं धान्य असं कुणी नुसतं ठेवतं का? पोरकिडे होतील. महिना-दीड महिना समुद्रातून जाणार म्हणालास ना."

"अगं, ती कॉफी आहे. दुसऱ्याचा माल आहे. उत्तमचा."

"उत्तमचा कसला?" म्हणाली. "पोत्यावर गावाचं नाव छापलंय ठळक. मला काय वाचता येत नाही?"

ती झाकण पुसतच राहिली. मग म्हणाली, "पहिल्यांदाच स्वतःचं म्हणून पाठवतीय ना ती? मैथिलीनं सांगितलं मला. मग कीड लागली असती तर बोलणी कुणाला बसली असती?"

मी सांगितलं की हिंगानं कॉफी बिघडते. तिला पटेना. हिंगानं जगात काही बिघडत असेल ही कल्पनाच तिला नवीन होती. मग मी त्यातले दाणे तिच्या हातावर ठेवले, आणि बंद पोत्याच्या शिवणीपाशी तिला वास घ्यायला लावला. तिला फरक कळला. तिनं दाणे परत माझ्या हातात दिले आणि आत जाऊन बसली. जेवायला आली नाही.

मी स्वतःवर घेतलं ते ती रडेल म्हणून नव्हे, तू तिला आणखी चार वर्षं शिक्षा देशील म्हणून. आता दे, द्यायची तर. पण आधी हे सांग: ज्या पाचांना हात लागलेला नाही, ती वाचली का? खोली तीच होती. माझ्या नाकावर माझा विश्वास उरलेला नाही. मला आता दुधालाही हिंगाचा वास येतो. आणि वास काही लिहून पाठवता येत नाही. तुला इथे यावं लागेल, वल्लरी. तुझ्याखेरीज कुणाला कळणार?

दादा


१८ मे, संध्याकाळ

वल्लरी,

'उद्या सकाळी पोचते. ओलावा मोजायचं यंत्र आणतेय. घरात कसलाही वास नको.' तुझं हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिनं सांगितलं म्हणून.

ती म्हणाली, "कसलाही म्हणजे?"

मी सांगितलं. उदबत्ती नाही, धूप नाही, फोडणी नाही. लोणच्याची बरणी उघडायची नाही. कांदा चिरायचा नाही. साबण बिनवासाचा. तिचा कापूर, तिचं वातावरचं तेल, काही नाही.

"म्हणजे चार वर्षांनी लेक दारात येणार आणि मी तिला साध्या वरणाला फोडणीसुद्धा द्यायची नाही?"

"नाही."

"मग खायला काय घालू? सलाईन लावू?"

पण तेव्हापासून बघतोय, ती घर पुसून काढतेय. मसाल्याचा डबा, हिंग, लसूण, पापड, सगळं शेजारच्या सरोजवहिनींकडे गेलं. वहिनींनी विचारलं, सुतक आहे का? आई म्हणाली, "पाहुणी येतेय." भाऊंच्या फोटोपुढची उदबत्ती आज लावली नाही. मोगऱ्याची फुलं होती, तीही काढली. मैथिलीनं वेणीत गजरा माळला होता, तो आईनं तिच्या केसांतून स्वतः ओढून घेतला. उद्याचा स्वयंपाक ठरलाय: मऊ भात आणि दूध. आजाऱ्याचं जेवण. तिचा चेहरा असा आहे की जणू तिलाच दवाखान्यात दाखल व्हायचंय.

मी हे पत्र इथे संपवणार होतो. पण आत्ता आई दारात आली. उभीच राहिली. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "लिहितोयस तिला?"

"हो."

"लिही मग. चौथंही उघडलंय."

वल्लरी, आठांतून तीन गेली तर पाच राहतात. चार गेली तर चार. तुझ्या गिऱ्हाइकाला किती हवीत ते तिलाही माहीत आहे. मैथिलीनं तिला तेही सांगितलंय.

"त्याला तर मशीनचाच टाका आहे," मी म्हटलं.

"सगळ्यात आधी तेच उघडलं होतं. त्याचा दोरा तुटू न देता उसवला आणि त्याच भोकांतून परत ओवला. बाकीच्यांचा तुटला, म्हणून निळा घ्यावा लागला."

"त्यात काय घातलंस?"

"काही नाही घातलं. आदल्या दिवशी उघडलं होतं ते."

"मग कशाला उघडलं?"

तिनं पदर सारखा केला. म्हणाली, "तिनं काय पिकवलंय ते बघायला."

मी विचारलं की मग इतके दिवस बोलली का नाहीस. म्हणाली, "तू मोजत होतास ना, पाच उरली, पाच उरली. तुझा जीव जरा खाली बसला होता. पण तिकडे जाऊन कुणी साहेबानं नाक मुरडलं, तर पाचही परत येतील. मग ती म्हणेल, आईनं सांगितलं का नाही." आणि मग, "कुठलं ते दाखवते, चल."

दारापासून दुसरं, खिडकीकडच्या ओळीतलं. मी त्याला खडूनं खूण केली आहे. ते गेलं की राहिलं ते तू ठरवशील. बसमध्ये हे वाचशील आणि रात्रभर झोपणार नाहीस, माहीत आहे. पण तू आल्यावर दारात सांगण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं.

आम्हीही झोपणार नाही. समान शील आहे घराण्याचं.

दादा


२३ मे

प्रिय वल्लरी,

कंटेनरला सील लागलं. उत्तमनं फोटो पाठवलेत, ते जोडतो. आतून कागद, कडेनं तोरणं, आणि तुझी पाच पोती मध्यभागी, छतापासून खाली, दारापासून लांब. त्याला म्हटलं, ठिबकणार नाही ना? तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या बहिणीनं मला एवढं झापलंय की मी स्वतः आत बसून जाऊ का, तेवढं सांगा." कोपनहेगनचं उत्तरही तू अपूर्वरावांकडून पाठवलंस ते पोचलं. चौथं पोतं उघडलं गेलं होतं हे तू कोपनहेगनवाल्यांना आपणहून लिहिलंस, आणि त्यांनी वेगळी खूण करून पाठवा म्हणून कळवलं. माल पोचल्यावर चाखतील तेव्हा खरं. तोवर महिना-दीड महिना आपण सगळे जहाजावर. मी एक अ‍ॅप घेतलंय, त्यात ते ठिपक्यासारखं दिसतं. सध्या ते फारसं हलत नाही आणि मी फारसा जेवत नाही.

हे सगळं तुला माहीतच आहे. तू टेम्पोबरोबर भिवंडीला निघून गेलीस आणि तिकडूनच बस धरलीस. पण त्या सकाळी तुझी पाठ आमच्याकडे होती. म्हणून तुला जे दिसलं नाही, तेवढं लिहितो.

तू आलीस, चप्पल काढलीस, आईकडे बघून "बरी आहेस?" म्हणालीस. ती "हं" म्हणाली. चार वर्षांच्या मानानं संभाषण आटोपशीर होतं. मग तू थेट खोलीत गेलीस. एकेक पोतं उघडलंस, यंत्रात दाणे घातलेस, ओंजळीत घेऊन हुंगलेस, खिडकीत जाऊन श्वास घेतलास, परत आलीस. आम्ही तिघं दारात, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. निळ्या टाक्याची तीन तू न बोलता बाजूला ओढलीस. प्रत्येक वेळी आईनं डोळे मिटले. न उघडलेल्या चारांना तू मान हलवलीस, पिशवीनं आपलं काम केलं होतं.

मग खडूची खूण असलेलं. त्याला तू फार वेळ लावलास. दोनदा यंत्र, तीनदा नाक. मी भाऊंच्या आजारपणात डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचो, तसा तुझ्या पाठीकडे बघत होतो. मैथिलीनं माझा दंड धरला होता. अजून वळ आहे. आणि आई. तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला होता आणि पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र. कान दिला, तर म्हणत होती, "नुसतं बघितलं होतं गं, नुसतं बघितलं होतं."

तू म्हणालीस, "हे चालेल."

आम्हाला म्हणालीस की पोत्याला, ठाऊक नाही. पण आई क्षणभरही थांबली नाही. वळली आणि सरळ स्वयंपाकघरात. मला कळायच्या आत गॅस पेटला होता, कढईत तेल होतं, आणि मोहरी. सरोजवहिनींकडून मसाल्याचा डबा तिनं केव्हा परत आणला, देव जाणे. रात्रीच आणून ठेवला असावा.

आणि तू आतून ओरडलीस. "आई! अगं काय करतेस! पाच पोती उघडी आहेत इथे! बंद कर तो गॅस आधी! अक्कल आहे का तुला?"

सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. मी धावलो. तोपर्यंत तिनं गॅस बंद केला होता, वर ताट झाकलं होतं आणि ते दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. खाली मोहरी तडतडत होती. मला वाटलं, आता रडते. ती माझ्याकडे वळली. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा चेहरा होता, वल्लरी.

"ओरडली माझ्यावर," ती म्हणाली. "ऐकलंस ना? मलाच ओरडली."

तुझा,
दादा